साहेबांचा उपाशी वड

चार मे हा जपानात झाडाझुडपांच्या कौतुकाचा, सरकारी सुट्टीचा दिवस असतो, हे मला एका झाडाची वाट लावल्यावर कळलं.

माझी मुलगी वर्षा सुप्याच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी आहे. तेव्हा नोकरी कच्ची होती. पक्की करणं तिच्या जपानी साहेबांच्या हातात. सुट्टीला मायदेशी जाताना साहेबांनी बारा वर्षं जपलेलं वडाचं बोन्साय राहुरीला आमच्या ओट्यावर सांभाळायला ठेवलं.

बारा वर्षांचा वड आणि उंची वीतभर! फांद्यांना तारा गुंडाळलेल्या, मुळ्या ताटलीएवढ्या कुंडीत कोंबलेल्या. माझ्यातला शेतकरी कळवळला. तारा सोडल्या, वड बांधावर लावला, वर ओंजळभर युरिया दिला. तिसऱ्या दिवशी झाडावर एक पान उरलं नाही!

मुकाट्यानं उपटून परत कुंडीत बसवतोय, तोच वर्षाचा फोन. "अण्णा, उद्या तिकडं झाडांचा सण. साहेब व्हिडिओवर वड बघणारेत. माझ्या पक्क्या नोकरीच्या ऑर्डरचंही तेव्हाच बोलतील."

"आता वं?" बायकोनं कपाळावर हात मारला.

"मारुतीच्या पारावर वड हाय की!"

तिनं शिवणाच्या दोऱ्यानं पारावरची पानं फांद्यांना बांधली. वीतभर वड, पंजाएवढी पानं!

"आवं, झाड कुठंय ह्यात? निस्ती पत्रावळ दिसतीय!"

"दोन काढ."

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर एका चौकोनात वर्षा, दुसऱ्यात साहेब. साहेब कमरेत वाकले. रीत म्हणून मीही वाकलो, कुंडीसकट! पानं भराभर खाली. दोरे तेवढे लोंबत राहिले.

"अण्णा! पानं?"

"शेळीनं खाल्ली." (भावकीत मी अजूनही तिचंच नाव सांगतो. ती खुंट्याला बांधलेली होती, हे आज कबूल करतो.)

वर्षानं भाषांतर केलं. साहेब पडद्याला नाक लावून बघू लागले.

"साहेब विचारतायत, दोरेही शेळीनंच बांधले का?"

मग मात्र माझ्याच्यानं राहवेना. "पोरीचा दोष न्हाई, साहेब. झाड लई उपाशी वाटलं, म्हणून मीच जेवू घातलं!"

वर्षानं हे जपानीत सांगितलं. साहेबांनी तोंडावर हात धरला. मला वाटलं, रडतायत. हसत होते!

"म्हणतायत, फांदी नखानं खरवडून बघा. आत हिरवी हाय का?"

"हाय, हाय!"

"मग जगंल म्हणतायत."

वड जगला. वर्षाची नोकरीही पक्की झाली. साहेबांनी परत आल्यावर वड घाईघाईनं उचलून नेला आणि बदल्यात मला प्लॅस्टिकचं झाड भेट दिलं. मी ते कौतुकानं शेडच्या पत्र्यावर मांडलं. आठवड्याभरात उन्हानं मऊ होऊन ते पार वाकडंतिकडं, आखूड झालं.

वर्षानं त्याचा फोटो साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, "वडिलांना सांग, बोन्साय जमलं!"