वारुळावरची काटी

सकाळचे सव्वासहा. दसरा होऊन चार दिवस झालेले. ठिकाण चकलांब्याचं शिवार. समोर वारूळ, वारुळावर बाभळीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आणि काटीपुढे गुडघे टेकून बसलेला, अठ्ठावीस वर्षं बातमीदारी केलेला मी.

आता हसू नका, आधी ऐका!

सगळं झालं त्या शिवहारमुळे. गेवराईत मोबाईलचं दुकान चालवून दुसऱ्या एका पेपरला बातम्या देणारं कालचं पोर! त्यानं रानातल्या कुठल्याशा भूछत्राचा फोटो पाठवला आणि तो छापला कुठं? पहिल्या पानावर, रंगीत. 'बीडच्या मातीत दुर्मिळ अळिंबी!' आणि माझी रस्त्यातल्या खड्ड्यांची मालिका? पान सात, निधनवार्तांच्या खाली.

वर हॉटेलात चहा पिताना मलाच म्हणतो, "काका, तुमी बी जरा निसर्गाकडं वळा. बीपीला लई चांगलं असतंय. उद्या मी चकलांब्याला चाललोय, तिथं एका वारुळावर आणखी उगवल्यात म्हणं."

काका! आणि तेही मला!

म्हणून त्याच्या आधी मी पोचलो. ती काटी शिवहारनंच कुणाला तरी सांगून माल लपवायला घातली असणार, या खात्रीनं मी ती भिरकावली. खाली दहा-बारा पांढऱ्याशुभ्र छत्र्या! मी एक फोटो काढला. मग विचार केला, खास बातमी म्हणजे काय? दुसऱ्याला न मिळालेली. सगळ्या उपटल्या आणि पिशवीत भरल्या.

ओळख पटवायला फोटो कृषी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना पाठवला. दुपारी उत्तर आलं, "फोटोतला अंगठा माणसाचा आहे, एवढं खात्रीनं सांगता येईल. अळिंबी जागेवरच असताना, देठासकट, खालून फोटो काढा."

जागेवर? गाडीच्या डिकीत एव्हाना त्यांचा लगदा झाला होता!

दुसऱ्या दिवशी शिवहार पुन्हा पहिल्या पानावर. 'मेंढपाळाची अळिंबी पळवली!' रिकामं वारूळ, भिरकावलेली काटी. आमच्या संपादकांचा फोन आला, "आपल्याकडं ही बातमी का नाही? जा, चोर शोधा!"

गेलो. बातमीतले ते मेंढपाळ, बिरूमामा, वारुळापाशीच उभे होते, शेजारी शिवहार.

"सायेब, वारुळावर काटी दिसली की त्यो वाटा कुणाचा तरी हाय, हे शेंबड्या पोरालाबी ठावं असतंय. लेक माहेराला आलीय, तिच्यासाठी राखलं होतं."

मी वही उघडली. "कोणावर संशय?"

"नाव न्हाई ठावं. पण ह्यो ठसा बघा. डाव्या टाचंला खिळा हाय."

मी डावा पाय हळूच उचलला.

"काका," शिवहार म्हणाला, "एका पायावर कावून उभे हायत?"

"बीपी!" मी ओरडलो.

तिसऱ्या दिवशी आमच्या पेपरात, पहिल्या पानावर, रंगीत, माझ्या नावानिशी बातमी आली, 'अळिंबीचोर मोकाट! प्रशासन झोपेत?' अठ्ठावीस वर्षांत प्रथमच.

पाठपुरावा अजून माझ्याकडेच आहे. अळिंबी कोणी नेली, याचं उत्तर अद्याप कोणीही दिलेलं नाही.