ट्रॉलीतली लाल गाडी

सदलग्याच्या रस्त्यावर तो मला रोज दिसायचा. पुढं ट्रॅक्टर, मागं उसाची ट्रॉली, ट्रॉलीत लाल स्पोर्ट्स कार आणि तिच्यात पट्टा लावून बसलेला हा. वळण आलं की इमानानं इंडिकेटर द्यायचा.

एकदा विचारलंच, गाडी चालवत का नाही. म्हणाला, "इंजिनातली रॉड बेरिंगं नवी घातल्यात, अण्णा. चालू केलं की झिजत्यात."

परवा बाशिंग बांधून स्वतःच्याच लग्नाला निघाला होता, तर ट्रॅक्टरचं इंजिन खडखडून बंद पडलं. मी मोटारसायकल थांबवून ओरडलो, "अवो, मुहूर्त चालला! फळ्या लावून गाडी उतरवा नि चालवत जावा!"

त्यानं काच खाली घेतली. ट्रॅक्टरकडं बोट दाखवून म्हणाला, "बघितलासा न्हवं? चालवलं की असंच हुतंय."

आणि बाशिंग सावरत चालत निघाला. मी किक मारायला पाय उचलला, तसाच खाली घेतला. मोटारसायकल ढकलत घरी आणली.