शटरवरचा पासवर्ड

बसा, चहा होऊन राहिला आहे. तोवर मी केलेला गाढवपणा ऐका. हसलात तरी चालेल, आमच्या घरातले अजून हसतात.

माझा दादा कम्प्युटरवाला. मी इकडे हिंदी मुलखात, आमच्या गावच्या गोरखपुर बाजारात स्कूटर दुरुस्त करणारा, नववी नापास! वहिनी बाळंतपणाला माहेरी नागपूरला गेली तेव्हा दादाने एक पेज बनवलं. फोनवर उघडायचं, खोलीचं नाव आणि पासवर्ड टाकायचा, की माणसं समोरासमोर. मधे कुठली कंपनी नाही.

"मधे कोणीच नाही, तर दोघं एकमेकांना सापडतात कसे?" मी विचारलं.

"समज, इंटरनेटवर अनोळखी लोकांचे पानठेले आहेत. दोघं तिथे 'मी आलोय' अशी बंद चिठ्ठी ठेवतात. एक ठेला बंद असला तर दुसरा. ठेलेवाल्याला चिठ्ठी वाचता येत नाही. एकदा पत्ता मिळाला की बोलणं सरळ या फोनमधून त्या फोनमध्ये. तू फक्त पासवर्ड सांभाळ."

महिन्याभरात दादाच गेला. पोर बघायची राहिली. त्याच्या चपला अजून दारातच आहेत, मी हलवू देत नाही. असो. चहा घ्या.

पोरगी बारा दिवसांची झाली. आईचा पाय प्लास्टरमध्ये, नागपूरला जाणार कशी? वहिनीचा फोन आला, "भाऊजी, यांच्या पेजवर आईंना बाळ दाखवते. फक्त आई आणि तुम्ही. मला सध्या कोणाचे चेहरे नको आहेत. पासवर्ड फोनवर सांगू नका, कागदावर लिहून नितीनजवळ द्या." नितीन तिचा भाऊ, कामासाठी इकडे आलेला. सकाळी दुकानावरून कागद घेऊन तो नागपूरला निघणार होता.

नितीनला झाला उशीर, आणि मला आईला डॉक्टरकडे न्यायची घाई. आता आमच्या दुकानाची रीत अशी, की कोणताही निरोप असो, शटरवर खडूने लिहायचा. 'तिवारीजी, गाड़ी तैयार है।' 'खाना खाने गए हैं।'

मग मी काय केलं असेल?

पेजचा पत्ता, खोलीचं नाव, पासवर्ड, शाम 5 बजे. हे एवढ्या मोठ्या अक्षरात! नितीन आला, फोटो काढला, बस पकडायला पळाला. पुसतो कोण?

पाच वाजले. आई धुतलेलं पातळ नेसून बसलेली. वहिनी दिसली, कुशीत पोरगी. नाक हुबेहूब दादाचं हो! आईने बोट पुढे केलं, आणि मधे एक मिशी आली.

"भैया, हमारी गाड़ी बन गई क्या?"

"भाऊजी, हे कोण?" वहिनी दचकली.

तेवढ्यात दुसरी चौकट. "अच्छा, ऑनलाइन बुकिंग चालू कर दी? बढ़िया!" तिसऱ्याने तर हेल्मेटही काढलं नव्हतं. "क्लच वायर का क्या हुआ?"

"काहून आले हे लोक? कोणाकोणाला बोलावून राहिला तू?" आई ओरडली.

मला दरदरून घाम! तक्रार करायची कोणाकडे? मधे कंपनीच नाही ना! कोणाला बाहेर काढायचं बटण दादाने केलंच नव्हतं. घरच्यांना कोण बाहेर काढतं? तिकडे पोरगी रडायला लागली.

आईने फोन हिसकावला. "ऐ मूँछवाले! मेरी पोती है। गाड़ी बाद में।"

ती मिशी तिवारीजींची होती.  त्यांनी हात जोडले. "बड़े भैया की बिटिया? माफ करना माताजी। ऐ हेल्मेट, चलो निकलो सब!" एकेक चौकट विझत गेली.

वहिनीने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, रडतेय. नाही हो, हसत होती! दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

आता रोज पाचला पोरगी येते. वहिनीने नवा पासवर्ड पाठवला, तो फक्त आईला. आई फोन मांडीवर घेते, "तिकडे तोंड कर" म्हणते आणि एकेक अक्षर शोधून दाबते.

तोवर पोरीचा सख्खा काका भिंतीकडे तोंड करून उभा!