डाकबंगल्याच्या पिक्चरमधली विहीर

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. जुन्नरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. रस्त्यात टाकलेलं लिंबू बिनधास्त ओलांडते. मुलांनी भुताचं विचारलं की प्रयोगशाळेतला सांगाडा दाखवते आणि म्हणते, "आपल्याकडे हा एकच आहे, आणि तो प्लॅस्टिकचा आहे." त्यामुळे इथे, अमानवीय अनुभवांच्या पानावर, काही लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण ही एक गोष्ट आजतागायत मला उलगडलेली नाही... आणि ती सांगायची तर सिनेमापासूनच सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर शिनोली. घोडेगावहून भीमाशंकरकडे निघालं की लागतं ते. आई शेतात राबणारी, शाळा चौथीपर्यंत, पण तिला सस्पेन्स पिक्चरचं भयंकर वेड! लहानपणी घोडेगावला तंबूत तिने जुन्या हिंदीतल्या एका दिग्दर्शकाचे पिक्चर पाहिले होते. त्याचं नाव लिहीत नाही, चाहते फार हळवे आहेत. पुढे आमच्याकडे टीव्ही आला आणि दुपारचे त्याचे पिक्चर लागायला लागले, तेव्हा आई खुरपं टाकून घरी यायची. तिच्यामुळे मलाही नाद लागला.

आम्ही त्याच्या पिक्चरना आमचीच नावं ठेवली होती. आईचा सगळ्यात आवडता 'शिंप्याचा'. एक गिऱ्हाईक कोट उसवून सैल करायला आणतं आणि माप घेता घेता शिंप्याच्या लक्षात येतं, की हाच तो खुनी. बस, एवढंच. खून दाखवलेलाच नाही! नुसती गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीची टेप, शिंप्याची बोटं आणि मागे कुणीतरी चालवत असलेल्या मशीनचा आवाज. तो आवाज थांबला की आपला श्वासही थांबतो. मला 'फाटकाचा' जास्त आवडायचा. त्यातला रेल्वे फाटकावरचा म्हातारा काही न बोलता असा काही बघतो, की अजून अंगावर काटा येतो. कमीत कमी दाखवून माणसाला खुर्चीला खिळवून ठेवणारा तसा दिग्दर्शक आपल्याकडे पुन्हा झाला नाही, हे माझं ठाम मत आहे.

पण जो पिक्चर सगळे डोक्यावर घेतात, तो 'डाकबंगल्याचा'... तो मला कधीच पटला नाही. सगळीकडे धुकं, जिन्यावर पांढरी साडी, दर थोड्या वेळाने एक गाणं, आणि शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना ओळीने बसवून रहस्य समजावून सांगतो. वर्गात शिकवल्यासारखं! आई त्याला 'धुराचा पिक्चर' म्हणायची.

हा धुराचा पिक्चर नव्वदच्या दशकात एका रविवारी दुपारी टीव्हीवर लागला होता. मी बी.एड. करत होते, सुट्टीला घरी आले होते. आई, मी आणि धाकटा भाऊ सुनील असे तिघं बघत होतो. म्हणजे आम्ही दोघी बघत होतो, सुनील भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होता.

त्या पिक्चरमधला एक प्रसंग मला फार आवडला. बंगल्याच्या चौकीदाराला विहिरीत उतरायचं असतं. त्याची बायको त्याला हाताने मागे सारते आणि दोरीला कंदील बांधून आत सोडते. कंदील अर्ध्यात जातो आणि विझतो. ती वर ओढते, पुन्हा पेटवते, पुन्हा सोडते. पुन्हा विझतो. संवाद नाही, संगीत नाही. ती फक्त मान वर करून नवऱ्याकडे बघते. मला वाटलं, अख्ख्या पिक्चरमध्ये हा एवढाच आपला दिग्दर्शक! संध्याकाळी भाकरी थापताना आईही म्हणाली, "त्या कंदिलासाठी बाकीचा धूर माफ केला बघ मी."

पुढे माझं लग्न झालं, मी जुन्नरला आले. दोन हजारनंतरची गोष्ट. उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. लोडशेडिंगने सगळे मेटाकुटीला आलेले. विहिरीवरची मोटर दिवस दिवस बंद, आणि काकड्या डोळ्यांदेखत माना टाकत होत्या. सुनीलने कुठून तरी डिझेल इंजिन मिळवलं. पाणी इतकं खाली गेलेलं, की ते विहिरीतच आतल्या कट्ट्यावर बसवलं होतं. वडील त्या दिवशी बेल्ह्याच्या बाजाराला गेले होते, बैल बघायला. घरी आम्ही तिघंच.

सकाळपासून इंजिन चालू होतं. जेवणाच्या वेळेला ते खोकल्यासारखं करून बंद पडलं. सुनील पाना घेऊन निघाला. आई आणि मी त्याचा डबा घेऊन मागोमाग गेलो. आम्ही पोचलो तर तो विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागलेला.

आई थबकली. हातातला डबा तिने खाली ठेवला नाही, तो पडला.

"सुन्या! वर ये!"

"आगं, इंजिन बघतो. काकडी जळंल."

"आदी वर ये म्हनते ना! संगे, तो कंदील आठवतो का तुला? पिक्चरमधला?"

मला आठवला. खरं सांगते, तिने विचारायच्या आधीच तो माझ्या डोळ्यांसमोर आला होता. तीच विहीर, तीच दोरी. मीही ओरडले, "सुनील, वर ये आधी!"

तो चिडून वर आला. डोकं धरून कठड्याला टेकला. म्हणाला, "ऊन लागलंय वाटतं. गरगरतंय."

आईने शेतातल्या झोपडीतला कंदील आणला. मी दोरी बांधली. भर दुपारी दोन बायका विहिरीत कंदील सोडतायत आणि सुनील म्हणतोय, "ताई, तू तरी शिकलेली हायेस ना?"

कंदील कट्ट्याच्या बराच वर होता, तेव्हाच ज्योत बारीक झाली आणि गेली.

वर ओढला. मी काडी ओढली. पुन्हा सोडला. त्याच जागी पुन्हा विझला.

सुनील तिथेच मातीत बसला आणि आईने त्याचं डोकं पोटाशी धरलं. मिसरूड फुटून जमाना झालेला माणूस, पण त्याने धरू दिलं.

दुसऱ्या दिवशी घोडेगावहून मेकॅनिक आला. त्याने आधी विहिरीत भरपूर वारं जाऊ दिलं, मग इंजिन वर काढलं. सुनीलला म्हणाला, "भाऊ, इंजिनाचा धूर खाली साचला व्हता. कट्ट्यापातूर गेला असता तर वर आनायला आमी लागलो असतो." यात अमानवीय काही नाही. हवेत प्राणवायू कमी झाला की ज्योत विझते, हे मी स्वतः नववीला शिकवते. आणि तरी त्या क्षणी मला पुस्तक आठवलं नव्हतं, पिक्चर आठवला होता.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर त्या दिग्दर्शकाचे परमभक्त. स्टाफरूममध्ये आमचे कायम वाद. मी एकदा म्हणाले, "तुमचा डाकबंगला ओव्हररेटेड आहे. त्यातला तो विहिरीचा प्रसंग सोडला तर काही नाही."

सर म्हणाले, "कोणती विहीर?"

"चौकीदाराची बायको कंदील सोडते ती."

"मॅडम, तो चौकीदार सडाफटिंग आहे. त्याला बायको नाही. आणि अख्ख्या पिक्चरमध्ये विहीरच नाही, ते नदीवरून पाणी आणतात." सर रागावलेच होते. दुसऱ्या दिवशी सीडी आणून माझ्या हातात ठेवली.

ती घेऊन मी शिनोलीला गेले. आई आणि मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. धुकं होतं, जिना होता, इन्स्पेक्टर होता. विहीर नव्हती. टीव्हीवर वेगळी प्रिंट असेल म्हणून सरांकडून दुसरी जुनी कॅसेट मिळवली. त्यातही नाही. त्या दिग्दर्शकाचे जेवढे पिक्चर मिळाले तेवढे पाहिले, कशातच नाही. आईला विचारलं, "तू हे आधी कुणाकडून ऐकलं होतंस का? कंदील सोडायचं?"

"मला कुठनं ठावं? आपल्या हिरीत इंजिन कधी व्हतं का आदी?"

मग आम्ही दोघींनी ती बाई आठवून बघितली. आई म्हणाली, उजव्या हातावर गोंदण होतं. होतं, मलाही आठवत होतं. आई म्हणाली, कंदिलाची काच तडकलेली. तीही.

सुनील मागे खाटेवर पडून ऐकत होता. तो उठून बसला.

"आये, कंच्या रविवारचं म्हनताय? मी शेंगा खात व्हतो त्या?"

"हां, त्याच. तू व्हतास की. तू बी बघितली असंल हीर."

"मी कशी बघीन?" सुनील म्हणाला. "मधी लाईट गेलती. मी म्हनलं पन, लाईट गेली, चला उठा. तुमी दोघी हूं का चूं न्हाई. बंद टीव्हीकडं बघत बसला व्हता. मला वाटलं, लाईट यायची वाट बघताय."

आईने माझ्याकडे पाहिलं. मला लाईट गेल्याचं अजिबात आठवत नव्हतं. तिलाही नाही.

"आन् मंग?" तिने विचारलं.

"मंग काय, थोड्या येळानं आली लाईट. पिक्चर पुढं चालू झाला."

आई उठली, सुनीलच्या पाठीवरून हात फिरवला आणि चुलीकडे गेली. त्यानंतर हा विषय तिने काढला नाही.

मी खूप विचार केला. डुलकी लागली म्हणावं, तर दोघींना एकच स्वप्न? सुनील खोटं बोलतो म्हणावं, तर कशासाठी? डाकबंगल्याचा पिक्चर मला अजूनही ओव्हररेटेडच वाटतो, आणि चित्रकलेचे सर अजूनही माझ्यावर रागावतात. पण आम्हा दोघींना त्या दुपारी काय दिसलं आणि ते कुणी दाखवलं, हे मला सांगता येत नाही. सुनीलला आता दोन मुली आहेत. कधी कधी त्या अंगणात खेळत असतात, आणि मी नुसती बघत बसते.