पाहुण्याला कनकी हवी होती

परदेशी गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर आमच्या मालकांना अचानक इतिहास आठवला. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, पंडरी भागात त्यांची तांदूळ निर्यातीची छोटी कंपनी आहे आणि मी तिथे पत्रव्यवहार बघते. मी इतिहासात एम.ए. आहे, हे त्यांना पहिल्यांदाच उपयोगाचं वाटलं. भिंतीवर लावायला आपल्या देशाच्या परदेशी व्यापाराबद्दल चार ओळी लिहा, म्हणाले.

मी खरं ते लिहिलं. आपला कापूस गेला, त्यांचं कापड आलं. बस्तरचं लोहखनिज गेलं, त्यांची यंत्रं आली. मालकांनी वाचून तोंड वाकडं केलं.

"मॅडम, ये रोना किसको सुनाना है?"

मग त्यांनी स्वतःच मजकूर सांगितला. त्यात मैत्रीशिवाय काही नव्हतं.

पाहुण्याने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. मालकांनी घरून दुबराज तांदळाचा भात आणवला होता, खोलीभर सुवास सुटला होता. पाहुण्याने चमचाभर खाऊन ताटली सरकवली आणि कनकी दाखवा म्हणाला. कनकी म्हणजे गिरणीत तुटलेला तांदूळ. त्याला तो डुकरांच्या खुराकासाठी हवा होता. मी हे हिंदीत सांगितलं, तर मालक सत्कार झाल्यासारखे हसले आणि स्वतः उठून त्याच्यासाठी दार धरून उभे राहिले.

घरी आल्यावर हे सांगितलं, तर नवरा म्हणाला, "तुले काहून राग येऊन राहिला? माल विकला ना?"

"विकू दे की. पण इतकं लोटांगण घालून?"

त्यावर त्याने टीव्ही लावला.

पुढे सरकारने कनकीची निर्यातच बंद केली. मालक फोन लावत राहिले, पाहुण्याने एकदाही उचलला नाही. त्याने केव्हाच दुसऱ्या देशातून माल उचलला होता. परदेशी लोक कृतघ्न असतात, असं मालक आम्हाला चहा पिता पिता ऐकवायचे. जणू त्या माणसाने यांच्याकडे कधी उपकार मागितले होते.

बंदी उठली, तसा तोच पाहुणा पुन्हा यायला निघाला, आणि आधीच कमी भाव कळवून. मालकांनी हार मागवला. विमानतळावर तुम्ही चला, बाईमाणसाच्या हातून हार बरा दिसतो, असं ते मला म्हणाले.

"आप ही पहनाइए," मी म्हटलं. "झुकने की आदत आपको है."

ते एकटेच गेले. तेव्हापासून मला पाहुण्यांसमोर बोलावत नाहीत, आणि माझे दिवस फार चांगले चालले आहेत.