नबीलाल मिस्त्रीचे बारा चिंचोके

नळदुर्गच्या अलीकडं, बोरी नदीकाठच्या एका गावानं एकसष्ट साली इंजिन सोसायटी काढली. बारा ऑइल इंजिनं होती. ज्याची पाळी त्याच्या विहिरीवर इंजिन जाई. ती बाराही इंजिनं एकटा नबीलाल मिस्त्री सांभाळायचा. शाळा चौथीपर्यंत, तीही निजामाच्या काळातली. पण आवाज ऐकला की इंजिनाचं दुखणं त्याला कळायचं.

दुसऱ्या रब्बीला एकदम पाच इंजिनं बंद पडली. गहू पाण्यावर आलेला. चेअरमन आण्णासाहेब कमिटीसमोरच म्हणाले, "मिस्त्री, इंजिन दुरुस्त करता का नुसतं कुरवाळता? महिन्यात फरक दिसला न्हाय तर सोलापूरचा मिस्त्री आणू."

बोल जिव्हारी लागला. नबीलाल दिवसभर राबत होता, मग इंजिनं पडत का होती? घरी कुलसुमबी चिंच फोडत बसली होती. त्यानं बारा चिंचोके उचलले आणि दोन थाळ्या मांडल्या: एक चालू, एक बंद. एकेक दिवस धरून तो चिंचोके हलवू लागला. बंद वाढले की उरलेल्यांवर ताण. ताण वाढला की तेल बदलायला सवड नाही. मग तेही बंद. दोष एकट्या माणसाचा नव्हता, त्या फेऱ्याचा होता.

मग रोज एक धडधाकट इंजिन थांबवून त्याची सफाई करायची, असा नियम चिंचोक्यांना लावला. बंद पडलेला चिंचोका तो त्याच संध्याकाळी चालूच्या थाळीत टाकी. चार दिवसांत सगळे चिंचोके चालू! तो खूश झाला.

कुलसुमबी म्हणाली, "अजी, बिगडे इंजिन का नोझल सोलापूरसे आने कू आठ दिन लगते. तुमारा चिंचोका शाम कू कैसा उठ गया?"

नबीलालनं चिंचोके पुन्हा गोळा केले. आठ दिवस धरून त्यानं पुन्हा सगळं मांडलं.

कमिटीपुढं त्यानं थाळ्या आण्णासाहेबांच्याच हाती दिल्या. जुन्या रितीनं वीस दिवस चालवताच बंदच्या थाळीत आठ चिंचोके गेले.

"चिंचोके लबाड हैत मिस्त्रीचे!" सभासद बलभीम म्हणाला. सगळे हसले.

"माझ्या रितीनं पहिले बारा दिवस आणखी वाईट जातील," नबीलाल म्हणाला. "सात बंद दिसतील. तवा शिव्या द्या, पर नियम मोडू नका."

"ही कसली दुरुस्ती?"

"जुलाबाचं औषध हाय, आण्णासाहेब. आदी माणूस गळतोच."

बाराव्या दिवशी सफाईची पाळी आली खुद्द आण्णासाहेबांच्या विहिरीवरच्या चालू इंजिनाची. ओंब्या भरत होत्या. बलभीम धावत आला. "मिस्त्री, शाणे असाल तर आज दुसरं इंजिन घ्या!"

नबीलालच्या हातातला पाना जड झाला. एकाला सूट दिली की उद्या सगळेच मागणार. आणि नाही दिली, तर सोलापूरचा मिस्त्री ठरलेलाच. तो इंजिनापासून हलला नाही.

आण्णासाहेब बांधावरून आले. "आज किती बंद हैत?"

"सहा. तुमचं धरून सात."

"चिंचोके काय म्हणले हुते?"

"सातच."

आण्णासाहेबांनी भरणाऱ्या ओंब्यांकडं एकदा बघितलं आणि स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं. "घ्या. पर दिवस मावळायच्या आत द्या बरं का."

गहू निघेपर्यंत बंद इंजिनं दोनावर आली. सोलापूरचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या साली परंड्याकडच्या सोसायटीची माणसं औषध विचारत आली.

"इंजिनं किती तुमची?"

"नऊ."

नबीलालनं चिंचोक्यांचा डबा उघडला, नऊ चिंचोके त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "बसा. आदी सांगा, तुमच्याकडं नोझल किती दिवसांत येतं?"