भाषा निवडा

मी डहाणूला घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करते. दवाखान्यात जाण्याआधी पेशंटच्या घरच्यांना आजाराची माहिती विचारणारं फोनवर चालणारं एक मॉड्यूल आमच्याकडे होतं. त्यात मराठीच्या जोडीला गुजराती आणि वारली घालायचं काम माझ्याकडे आलं. फोन बोलून प्रश्न विचारणार, आपण बटण दाबून उत्तर द्यायचं, की ते उत्तर पूर्ण वाक्यात ऐकू येणार. सुरुवातीला जी भाषा निवडली तीच शेवटपर्यंत. माणूस एक, भाषा एक. हे सुटसुटीत गणित मला फारच आवडलं होतं.

वापरून बघायला झरी गावाला गेले. तिथल्या एका बाईच्या लहान मुलीला झटके येत होते. आदल्या खेपेला तलासरीच्या दवाखान्यात नवराच बोलला होता. तो दिवसभर कारखान्यात, झटका त्याने कधी पाहिलेलाच नाही. पाहिला होता तो हिने. पण हिला मराठी समजत असली, तरी डॉक्टरांपुढे तोंड उघडत नव्हतं. आणि झटक्यात नेमकं काय होतं ते कळल्याशिवाय औषध ठरवायला डॉक्टर तयार नव्हते.

ओट्यावर बसून तिने वारली निवडली. प्रश्न ऐकला, उत्तर दिलं, आणि लगेच बाहेर पडून मराठी निवडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला वाटलं, चुकून दाबलं गेलं. मी मदतीला सरसावले, तर तिने फोन माझ्यापासून लांब धरला. मग मी नुसती बघत बसले. मराठी वाक्य ऐकून ती ओठातल्या ओठात पुटपुटत होती. मला राहवेना.

"वारलीत ऐकलं ना आत्ता? मग परत मराठीत कशाला?"

"समजाया आमची, अन् बोलाया मराठी," ती म्हणाली. "डॉक्टरला कसं सांगाचं ते नको का शिकाया?"

मी चाटच पडले. मी स्वतः भाजीवालीशी गुजरातीत बोलते, घरी मराठीत आणि ऑफिसात इंग्रजीत, तरी हे मला सुचू नये! घरी येऊन प्रत्येक वाक्याखाली एक बटण टाकलं: 'हेच दुसऱ्या भाषेत ऐका'. आमच्या साहेबांनी फोनवर विचारलं, "एकच वाक्य दोनदा कोण ऐकणार?" म्हटलं, "झरीला चला, दाखवते." ते काही आले नाहीत.

दवाखान्याच्या दिवशी मीही तिच्यासोबत गेले. उत्सुकता म्हणा, भोचकपणा म्हणा. डॉक्टरांनी सवयीने नवऱ्याकडे बघून विचारलं, "काय होतं नेमकं?"

"हातपाय कडक होतात, साहेब," तो अंदाजाने सांगायला लागला.

"थांब," ती मराठीत म्हणाली. "तू कामावर होता. मी पाहिलंय, मी सांगते."

हे वाक्य माझ्या मॉड्यूलमध्ये कुठेच नव्हतं. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि लिहायला घेतलं.